दुसरा वेढा

"मला एकदा उडी मारायचीय," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी टोस्टचा कडक कोपरा चहात बुडवला.

घर सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, आणि बोलणारी बाई सत्तरी ओलांडलेली. सकाळी सकाळी असलं काही कानावर पडल्यावर कुणाच्याही काळजात धस्स होणार. सुनेच्याही झालं. गॅस बंद करायला गेलेला हात मध्येच थांबला आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. "अगं, खिडकीतून नाही," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीतून मारायची असती तर तुझी परवानगी घेत बसले असते का? तुमच्या तिथे, विमानातून. पुढे आपण आणि मागे तो शिकलेला माणूस बांधलेला, दोघांत मिळून एक छत्री, असं असतं ना? तूच मागे सांगितलं होतंस. डॉक्टरांना विचारून झालंय. ते म्हणाले, माझ्यापेक्षा तुमचं हृदय बरं आहे." मग बोटांना लागलेला चुरा बशीत झटकत, येताना साबण घेऊन ये म्हणावं तितक्या सहज त्या पुढे म्हणाल्या, "आणि छत्री तू बांधलेली हवी हं. दुसऱ्या कुणाची चालायची नाही मला."

"आई, मी बांधत नाही. मी तपासते," ती शेगडी पुसत म्हणाली.

"तेच ते," सासूबाई म्हणाल्या.

बसमध्ये जागा मिळून बसल्यावर तिला राग आला तो उडीचा नाही, या 'तेच ते'चा. लग्न होऊन घरात आल्यापासून ती हे समजावत आली होती आणि इतक्या वर्षांत सासूबाईंच्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नव्हतं. शेजारच्या बायकांना त्या सांगायच्या, "आमची सून कापडाच्या घड्या घालायला जाते," आणि मग आवाज उतरवून, "बरा पगार देतात हो त्याचा." नवरा ते ऐकून पोट धरून हसायचा. तो होता तोवर आईच्या बोलण्यातला काटा त्याच्या हसण्यात बोथट होऊन तिच्यापर्यंत पोचायचा. तो गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाकावरचा मधला माणूस उठून गेला की दोन टोकांना दोन अनोळखी बायका उरतात, तशा त्या दोघी घरात उरल्या. कोण कुणाची आणि कशाला एकत्र राहतात, याला तसं काही उत्तर नव्हतं. सासूबाईंना लेक होती, दुसऱ्या शहरात, ऐसपैस घर असलेली, फोनवर "आई, इकडे ये" म्हणून घसा कोरडा करणारी. आणि या महिन्यात सासूबाईंनी एकदाचं जाहीर केलं होतं की त्या लेकीकडे जाणार, कायमच्या. "तुझी सुटका करते," असं हसत म्हणाल्या होत्या. ती नुसतं 'बरं' म्हणाली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. शाळेला सुट्टी लागल्यासारखं हलकं हलकं वाटत होतं, आणि थोड्या वेळाने त्या हलकेपणाचीच अशी लाज वाटायला लागली की समोरच्या आरशात बघवेना. म्हणजे त्यांनी जावं असं आपल्याला किती दिवसांपासून वाटत होतं? बसच्या खिडकीतून बंद दुकानांची शटरं मागे जात राहिली.

छत्र्यांची खोली धावपट्टीच्या कडेला होती, लांबलचक, उंच छताची, एका बाजूने काचाच काचा. मधोमध टेबल इतकं लांब की नव्या माणसाला हसू यायचं. इथे ती दिवसभर उभी असायची. कापड उजेडासमोर धरायचं, एकेक शिवण नखाने चाचपायची, दोऱ्या बोटांतून ओढत न्यायच्या, कुठे खरखर लागते का बघायची. छत्री उघडते म्हणजे काय होतं, तर एकामागून एक गोष्टी सुटतात आणि नेमक्या क्रमाने सुटतात. आधी लहान छत्री बाहेर पडून वारा धरते. वेळ आली की ती मोठीला ओढते. पिन निघते, पाठीवरचं पाकीट उघडतं, त्यातून एक पिशवी बाहेर येते. पिशवीच्या अंगावर दोऱ्या नागमोडी दुमडून रबरांत अडकवलेल्या असतात, त्या एकेका रबरातून सटासट निसटत जातात, आणि सगळ्या निसटून ताणल्या की मगच पिशवीचं तोंड उघडून आतलं कापड वाऱ्याच्या हवाली होतं. सगळा खेळ त्या रबरांचा. हातात घेतलं तर कुणी फेकून देईल असं चपटं, मळकट रबर. त्याचा दोरीला एकच वेढा द्यायचा. सैल पडला तर दोऱ्या एकदम ओघळतात आणि उघडताना असा हिसका बसतो की माणसाची मान आठवडाभर धरते. घट्ट पडला तर दोरी सुटतच नाही, पिशवी तोंड मिटून गाठोड्यासारखी माणसामागे फरफटत राहते. पाठीवर दुसरी, राखीव छत्री असते, नाही असं नाही. पण कुणी राखीव छत्रीवर उतरलं की त्या दिवशी या खोलीत कुणाला जेवण जात नाही.

खोलीचे नियम तसे पुष्कळ होते, पण तिच्या लेखी दोनच. बांधणारा हात वेगळा आणि तपासणारा हात वेगळा, हा भिंतीवर लावलेला. दुसरा कुठेच लिहिलेला नव्हता: आपल्या माणसाची छत्री आपण बांधायची नाही. तिला ज्या म्हाताऱ्याने हे काम शिकवलं, त्याचा स्वतःचा मुलगा उड्या मारायचा, आणि मुलाचं नाव फळ्यावर लागलं की म्हातारा उठून बाहेर बाकावर जाऊन बसायचा. तिने एकदा कारण विचारलं होतं. "हात शहाणपणा करायला लागतो," म्हातारा म्हणाला होता. तिला ते तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी वाटलं. तरुण होती, स्वतःच्या हातांबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला छत्र्या बांधणारा असायचा. सगळे त्याला लांब्या म्हणत. मुलींची लग्नं उरकलेला, पन्नाशीचा गृहस्थ, पण इतका उंच की काका म्हणायला तोंड वर करावं लागतं म्हणून कुणी म्हणत नसे. तिने त्याला सासूबाईंचं सांगितलं आणि तो हातातलं कापड सोडून हसायलाच लागला. "सासू? आपणहून? कमाल आहे मॅडम! लोक सासूला कुठून ढकलावं याचे बेत करतात आणि तुमची स्वतः रांगेत उभी राहतेय!"

तीही हसली. हसायलाच हवं होतं, इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम करणाऱ्या माणसाने साधी थट्टा केली होती. पण हसता हसता तिच्या मनात पाल चुकचुकली.

कारण एक वाक्य होतं. नवरा दवाखान्यात होता, शेवटचे दिवस. आधी नुसती पाठ दुखायची त्याची, ती रोज संध्याकाळी मलम चोळून द्यायची आणि तो "अगं, वय झालं माझं" म्हणून चेष्टा करायचा. पाठीतलं दुखणं पाठीचं नव्हतंच, पण ते कळेपर्यंत हातातून सगळं गेलेलं. वॉर्डबाहेरच्या व्हरांड्यात, फिनाइलच्या वासात, सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ती थर्मास घेऊन आली तेव्हा तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "जगाच्या दोऱ्या तपासतेस. घरातला माणूस झिजत होता, तो नाही दिसला तुला." एवढंच. ना आवाज चढवला, ना रडल्या. नंतर तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही आणि तिनेही नाही. काय बोलणार होती? वाक्य खरं होतं का खोटं होतं याचा निवाडा करायला जो माणूस हवा होता, तोच आत कॉटवर पडला होता. पण गिळलेली गोष्ट पोटात जातेच असं नाही. कधी भाजी चिरताना, कधी बसच्या रांगेत, ते वाक्य आपलं आपण वर यायचं आणि ती दात आवळून ते परत खाली ढकलायची. आता लांब्याच्या त्या एका विनोदाने तिला पहिल्यांदा स्वतःला सरळ विचारावं लागलं, की इतकी वर्षं खाली ढकललेलं ते हातात तर उतरलं नसेल ना?

छे! काहीतरीच. तिने मान झटकली. पण मग दिवसभर तिचं तिच्या हातांकडे लक्ष जात राहिलं. नखं नीट कापलेली, उजव्या अंगठ्याला वर्षानुवर्षं दोऱ्या ओढून पडलेला घट्टा, डाव्या हातावर तव्याचा जुना डाग. साधे, कामसू, ओळखीचे हात. हे कुणाचं वाईट करतील असं वाटत नव्हतं. पण वाटण्यावर इथे काही चालत नाही, हे तीच तर नव्या माणसांना ओरडून सांगायची.

सासूबाईंना नाही म्हणता आलं असतं. 'नियमात बसत नाही' म्हटलं की विषय संपला, खोटंही नव्हतं. पण नाही म्हटलं तर आपण आपल्याच हातांना घाबरलो असं होईल, आणि कशाला घाबरलो हे कुणी नाही विचारलं तरी आपलं आपल्याला माहीत राहील. उडीच्या आदल्या दिवशी दुपारी, बाकीचे जेवायला गेलेले असताना, ती लांब्याला म्हणाली, "आज आपण उलटं करू. मी बांधते, तू तपास."

लांब्याचा चेहरा पडला. "मॅडम, तुम्हीच मला शिकवलंत, आपल्या माणसाची..."

"एकदाच."

"मोठ्यांपुढे आपण काय बोलणार," तो म्हणाला आणि बाजूला सरला. पण जेवायला काही गेला नाही.

तिने कापड टेबलावर पसरलं. दोन माणसांची छत्री म्हणजे केवढं तरी कापड, थंड, गुळगुळीत, हातातून पळणारं. एकेक कप्पा चापून चोपून बसवताना, त्यातली हवा तळहाताने पुढे लोटताना तिला बरं वाटायला लागलं. हातांना सगळं आठवत होतं. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालतात त्याची तिला आठवण झाली. त्या बाईची घडी म्हणजे शिस्त, टॉवेलाचं टोक टोकाला लागलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ओला टॉवेल खुर्चीवर टाकल्याबद्दल तिला ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि तीही गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "ही खुर्ची आहे का वाळवण?" "आई, टॉवेल आहे तो, काही पाहुणा नाही, बसला तर बसला." नवरा तेव्हा हसून हसून लोळला होता. तो गेल्यावर सासूबाईंनी त्याचे शर्ट कुणाला देऊ दिले नाहीत. मधूनच कपाटातून काढतात, मोडलेली घडी पुन्हा घालतात, पुन्हा ठेवतात. ती ते बघून न बघितल्यासारखं करते. कामावरून उशीर झाला तर त्या जेवायच्या थांबत नाहीत, तोंडाने म्हणतातही, "मी कुणासाठी उपाशी बसायची नाही हो," पण तिचं ताट झाकलेलं असतं आणि डाळ शेगडीवर अशी मंद ठेवलेली असते की तिने कुलूप उघडावं आणि ती गरम मिळावी. सकाळी बसला जाताना सहज वर बघितलं तर सातव्या मजल्यावर गॅलरीत एक डोकं असतं. हात वगैरे करत नाहीत. कबुतरांना हाकलायला आल्यासारख्या उभ्या राहतात. पुढच्या महिन्यात ते डोकं तिथे नसणार. कुलूप उघडल्यावर घर गार असणार. तिने कापड पिशवीत सारलं, तोंड मिटलं, आणि दोऱ्या हातात घेतल्या. दोरी दुमडायची, रबरात सारायची. पुन्हा दुमडायची, पुन्हा सारायची. बाहेर कुठेतरी विमानाचं इंजिन चालू करून बघत होते, त्याची घरघर टेबलाच्या फळीतून तिच्या मनगटांपर्यंत येत होती. लेकीकडे सासूबाईंना रात्रीची गोळी कोण देईल? त्या स्वतः घेत नाहीत, 'घेतली' म्हणून ठोकून देतात आणि गोळी उशीखाली सापडते. नणंदेला हे माहीत नाही. सांगायला हवं. दोरी दुमडायची, रबरात सारायची. नणंद भोळी आहे, तिला पटकन फसवतील.

"झालं," ती म्हणाली आणि मागे सरकली.

लांब्या पुढे आला. त्याने चष्मा लावला, पिशवीवर वाकला आणि बोटाने पहिलं रबर उचललं. मग दुसरं. मग तो तसाच वाकून राहिला. टेबलाच्या कडेला लावलेला, ओढ मोजायचा लहान ताणकाटा त्याने काढला, त्याचा आकडा दोरीच्या घडीत अडकवून ओढला. दोरी हलली नाही. काटा लाल रेघेपलीकडे गेला, तरी हलली नाही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "दोन वेढे आहेत."

"कुठल्याला?"

"सगळ्यांना."

तिने स्वतः बघितलं. एकूण एक रबर दोनदा फिरवलेलं, दोरी करकचून आवळलेली, एकसारखी, नीटनेटकी. इतकी नीटनेटकी की चुकून झालं म्हणायची सोय नव्हती. तिला यातलं काहीही आठवत नव्हतं. दोऱ्या दुमडल्याचं आठवत होतं, इंजिनाची घरघर आठवत होती, उशीखालच्या गोळ्या आठवत होत्या. दुसरा वेढा आठवत नव्हता. याच चुकीसाठी तिने किती जणांना या टेबलाशी उभं करून झापलं होतं! तिने टेबलाची कड धरली.

"नवीन लोक करतात असं," लांब्या काट्याकडे बघत म्हणाला. "काळजी जास्त घ्यायला जातात. सुटू नये, सुटू नये करत..." भला माणूस, त्याला विषय कुठे सोडावा ते कळत होतं.

तिने एका रबराला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला. काळजी? का दुसरं काही? दवाखान्याच्या व्हरांड्यातली बाई भिंतीला टेकून बसलेली तिला दिसत होती. एखाद्याने जाणूनबुजून, थंड डोक्याने, छत्री उघडू नये म्हणून बांधली असती तर ती अशीच दिसली असती. आणि कुणी जीव तोडून, सांभाळून सांभाळून बांधली असती तरी अशीच. झिजलेली दोरी बघून ती सांगू शकायची की ही कुठे घासली, कुणाच्या हाताने ओढली गेली, उन्हात किती पडली. आणि स्वतःच्या हाताने केलेल्या कामापुढे ती अडाण्यासारखी उभी होती. त्यात काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं. हे सगळ्यांत भयंकर होतं. उद्या ही पिशवी आकाशात मिटलेली राहिली असती, राखीव छत्रीने दोघांना आणलं असतं, बहुतेक आणलंच असतं, त्या हिसक्याने म्हातारीची हाडं शाबूत राहिली असती किंवा नसती, आणि जन्मभर तिला कळलं नसतं की आपण हे प्रेमाने केलं का सूड म्हणून.

"सोड सगळं," ती म्हणाली. "पहिल्यापासून तू बांध. तपासायला दुसऱ्या पाळीच्या बाईंना बोलाव आणि त्यांना काय झालं ते सांग, माझं नाव घेऊन सांग. आईंना घेऊन उडी मारणाऱ्यालाही सांग. मी या छत्रीला हात लावणार नाही."

मग ती बाहेर जाऊन बाकावर बसली. काचेतून लांब्याची पाठ दिसत होती, वाकलेली, संथ. तिला रडू आलं नाही. एकटं मात्र फार वाटलं.

घरी सासूबाईंनी दार उघडताच विचारलं, "बांधलीस?"

"झाली बांधून," ती म्हणाली आणि चपला काढायला खाली वाकली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सासूबाईंना अंगभर निळा पोशाख चढवला होता, बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाड वळ्या झाल्या होत्या, आणि चष्म्यावर दुसरा मोठा चष्मा होता. त्यांच्यामागे बांधला जाणारा उडीमास्तर दणकट गडी होता, पण सासूबाईंनी त्याला दहा मिनिटांत घाम फोडला. लग्न झालंय का, बायकोला सांगून आलात का, काल नीट झोपलात का. "आजी, तपासणी मी तुमची करायची असते," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "करा की," सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे नाही म्हणते? पण झोपलात का ते सांगा." विमानात चढताना त्यांनी मागे वळून सुनेकडे बघितलं आणि छातीवरच्या पट्ट्यावर दोनदा थोपटलं. बघ, तुझ्या भरवशावर चाललेय, असं काहीसं. सांगायला हवं होतं, आत्ता, धावत जाऊन. पण दार लागलं आणि विमान वळलं.

ती आणि लांब्या गवतात उभे राहिले. विमान चढत चढत एवढंसं झालं, आवाज विरळ झाला. छत्रीत काही खोट नव्हती हे तिला माहीत होतं. लांब्याने बांधली होती, दुसऱ्या बाईंनी दोनदा काटा लावून बघितली होती. माहीत असून काय उपयोग? जीव टांगणीला लागला तो लागलाच. मग एक ठिपका सुटला. ठिपक्यावर एक बारीक पांढरं काहीतरी, लहान छत्री. पडताहेत. अजून पडताहेत. तिने आयुष्यात हजारो वेळा हे खालून बघितलं होतं आणि दरवेळी तिची नजर कामावर असायची, क्रम बरोबर आहे का, वेळ बरोबर आहे का. आज तिला क्रम दिसेना. तिला फक्त एक म्हातारी बाई दिसत होती, दोन चष्मे लावलेली, जी उद्या सकाळी टेबलापाशी बसून टोस्ट बुडवायला हवी होती. परवाही. तेरवाही. लेकीकडे नाही, तिथे, त्या खुर्चीवर, 'तेच ते' म्हणत. तिला दुसरं काही नको होतं. इतकं साधं होतं ते, आणि इतकं स्पष्ट, की तिला स्वतःचाच संताप आला.

वर एक काळी रेघ उभी लांबली. दोऱ्या सुटल्या. कापड आधी सुरकुतलेल्या मुठीसारखं वर तरंगलं, मग मधला कप्पा फुगला, मग त्याच्या बाजूचे, मग कडेचे, आणि सगळी छत्री श्वास घेतल्यासारखी रुंद झाली.

"उघडली," लांब्या म्हणाला. तिने त्याची बाही मुठीत धरली होती, ती त्याने अलगद सोडवून घेतली.

सासूबाई पाय वर करून, बुडावर घसरत, कुणाला तरी मोठ्याने काहीतरी ओरडत उतरल्या. ती पोचली तेव्हा उडीमास्तर आकडे सोडवून बाजूला झाला होता आणि सासूबाई गवतात पाय पसरून बसल्या होत्या, केस चारी दिशांना उडालेले, गाल लाल. "बघितलंस का?" त्या म्हणाल्या. "अगं, आधी नुसता वारा, काही सुचत नाही. आणि मग छत्री उघडली आणि काय ते शांत! मी याला म्हटलं, माझ्या सुनेने बांधलीय ही."

उडीमास्तर कापड गोळा करायच्या निमित्ताने लांब गेला.

ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आई, मी नाही बांधली."

"म्हणजे?"

"लांब्याने बांधली. काल सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

सासूबाईंनी मोठा चष्मा काढला. त्यांचा चेहरा उतरला, अगदी लहान पोराचा उतरतो तसा. "मग मी कशाला मारली उडी?" त्या म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी नुसतं गवत उपटलं. "दवाखान्यात मी तुला एक बोलले होते. तुझ्या लक्षात नसेल."

"आहे."

"असणारच. मी बोलले आणि मग मला ते परत घेता येईना. रोज म्हणायची, उद्या बोलू. इतकी वर्षं गेली. आता जायची वेळ आली, म्हटलं, बोलणं काही आपल्याला जमत नाही, तर हिच्या हातावर जीव टाकून दाखवावा. कळेल तिला." त्यांनी नाक पुसलं. "का नाही बांधलीस?"

"बांधली होती. घट्ट झाली. उघडली नसती."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "रागाने?"

"मला तेच वाटलं होतं काल. घाबरले मी. पण आत्ता तुम्ही वर होतात तेव्हा... राग नाही आई. तुम्ही जाऊ नका. तुम्ही गेलेलं मला नकोय."

सासूबाईंचा हात तिच्या दंडावर आला आणि तिथेच राहिला. त्या म्हणाल्या, "हे तोंडाने नव्हतं का सांगता येत?"

"तुम्हाला आलं?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसल्या. "चल, उठव मला. गवत ओलं आहे. घरी जाऊन आधी लेकीला फोन लावायचाय."

"काय सांगणार तिला?"

"काय सांगणार? इतक्यात नाही जमायचं म्हणून सांगते."